बिनकवाडाची खिंड

मांडवखडकच्या वरच्या अंगाला, जिथे डोंगराची धार मोडते आणि वाट खाली कोकणात उतरू लागते, तिथे एक दरवाजा आहे आणि त्याला कवाडे नाहीत. दोन्ही बुरूज उभे आहेत. वरची कमान शाबूत आहे. उंबऱ्याचा दगड माणसांच्या पायांनी मधोमध इतका झिजला आहे, की पाऊस पडला तर त्यात ओंजळभर पाणी साठावे. पण कवाडे ज्या खाचांमध्ये बसत आणि फिरत, त्या खाचा दगड-चुन्याने घट्ट बुजवल्या आहेत. काळाच्या ओघात दार कुजून गेले असते तर खाचा तशाच राहिल्या असत्या. इथे कुणीतरी ठरवून ठेवले आहे, की या जागी पुन्हा कवाड बसू नये.

आम्ही तिघे तिथे पोचलो तो भाऊबीजेचा दिवस होता. सकाळचे नऊ वाजले असतील. कमानीच्या आत केरबा खिंडे नावाचे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ पाण्याने भरलेल्या घागरींपाशी बसले होते. खांद्यावर दोन-तीन धुतलेले पंचे, डोके उघडे. आमच्यातल्या एकाने नमस्कार करून विचारले, "काय केरबाराव, कुणाची वाट पाहताय?"

म्हातारबाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "राव नको, पाव्हनं," ते म्हणाले. "आबा म्हणा, नुसतं केरबा म्हणा. राव या बारा गावांत कुणी कुणाला म्हणत नाही."

"बोलता बोलता 'काय राव' असंसुद्धा नाही?"

"ते बी नाही."

मग त्यांनी सांगितले, की ते लेकींची वाट पाहताहेत. खाली कोकणात दिलेल्या बारा गावांच्या लेकी आज माहेरी येतात. आता डोंगराला वळसा घालून डांबरी रस्ता झाला आहे, एसटी थेट गावात येते. पण भाऊबीजेला त्या पायथ्याशी उतरतात आणि खिंडीच्या वाटेने चालत वर येतात. खिंड्यांच्या घरातल्या पुरुषाने त्यांचे पाय धुवायचे, मग त्यांनी उंबरा ओलांडायचा.

पहिली बाई वर यायला अजून तास-दीड तास होता. बुरुजाच्या सावलीत आम्ही बसलो आणि आबांनी जे सांगितले, ते असे.

हे खोरे पूर्वी कुणा एकाचे नव्हते, असे सांगतात. बारा गावे, बारांची मिळून एक देवी धारजाई, आणि कोकणातून मीठ घेऊन वर येणारे बैल. त्या बैलांच्या तांड्याचा म्होरक्या होता जैतोजी. त्याला ही वाट इतकी पाठ होती, की पायाखालचा दगड हलला तर तो कोणत्या वळणावरचा, हे तो न बघता सांगे.

एका वर्षी बादशहाची फौज या डोंगरात अडकली. कोणता बादशहा, ते आबांना ठाऊक नाही. "बादशहा होता एक," एवढेच ते म्हणतात. चार दिवस धुके उतरले होते. पुढचा घोडा मागच्याला दिसत नव्हता आणि दरीत पडलेल्या माणसांचे नुसते आवाज येत होते. जैतोजीने आपला घंटेचा बैल पुढे घातला. प्रत्येकाने पुढच्याच्या शेल्याचे टोक धरायचे आणि घंटेच्या मागे चालायचे, असे त्याने सांगितले. तिसऱ्या दिवशी अख्खी फौज उन्हात उतरली, घंटेमागे चालू लागल्यावर एकही माणूस दरीत गेला नाही, असे म्हणतात.

बादशहाने त्याला विचारले, "काय पाहिजे?"

जैतोजी म्हणाला, "बैल दमल्यात. दोन दिवस मुक्काम करू द्या."

बादशहाला हसू आले, आणि त्याने न मागितलेले दिले. धारेचा राजा म्हणून 'धारराव' हा किताब, पागोट्यावर तुरा लावण्याचा मान, आणि बारा गावांचे वतन. जैतोजी मिठाचा बैलकरी होता तो एका सकाळीत धारराव झाला. पण सनदेत शेवटी एक ओळ होती. धाररावाने खिंडीत दरवाजा बांधावा. बादशहा सांगेल तेव्हा तो उघडावा, सांगेल तेव्हा मिटावा.

पदवी आली आणि पदवीमागून कवाडे आली. सागाची, दीड वीत जाड, बाहेरून लोखंडी खिळे मारलेली. ती चढवायला बारा गावांचे लोक जमले, पण कुणी वाजवले नाही, गाइले नाही. पिढ्यानपिढ्या या खोऱ्याच्या लेकी खाली दिलेल्या. खालच्या पोरी इथे सुना म्हणून आलेल्या. एवढ्या माणसांची एवढीच एक वाट. एका म्हातारीने सगळ्यांसमोर विचारले म्हणे, "जैत्या, आता आमच्या पोरींनी म्हायेराला येताना कुणाला विचारून यायचं?"

तुरा लावलेला जैतोजी पुढे झाला. मग त्याने पागोटे काढून बाजूला ठेवले, कवाडावर तळहात टेकला आणि धारजाईच्या देवळाकडे तोंड करून म्हणाला, "आई, हे कवाड कधी लेकीसमोर मिटलं, तर त्या दिवसापासून हे नाव माझ्या घरात राहू नये."

लोकांचे समाधान झाले. जैतोजी असेपर्यंत आणि पुढेही पुष्कळ वर्षे ते कवाड उघडेच राहिले. कोंबड्या त्याच्या सावलीत बसत.

जैतोजीला दोन मुलगे. थोरल्याला किताब गेला, ते धाकट्याला सोसले नाही. तो बादशहाकडे गेला, वर्षभर तिथे राहिला आणि अर्धे वतन स्वतःच्या नावावर करून आला. तेव्हापासून वरची सहा गावे धाररावांची आणि खालची सहा धाकट्या पातीची, म्हणजे धाकट्याच्या घराण्याची. एकाच देवीच्या जत्रेला दोन पालख्या निघू लागल्या. थोरला धारराव रोज पूजेला बसताना देवापुढे बारा सुपाऱ्या मांडी. सहा सरळ ओळीत, सहा बाजूला वळवून. आणि आपल्या मुलाला जवळ बसवून त्या वळलेल्या सहांची नावे म्हणायला लावी. तो मुलगा हणगोजी. अक्षरे शिकण्याआधी तो ती सहा नावे शिकला. बाप गेला तेव्हा शेवटचे दोन शब्द त्याच्याशीच बोलला, "बारा कर."

हणगोजी वाईट माणूस नव्हता, हे आबा दोनदा म्हणाले. न्यायाला बसला तर दोन्हीकडचे पुरते ऐकून घेई. दुष्काळात त्याने स्वतःची धान्याची पेवे उघडली होती. त्याला एकच बहीण, भिवाई, त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटी. आई लवकर गेलेली, बाप सुपाऱ्यांत गुंतलेला, म्हणून त्या दोघांनी एकमेकांनाच मोठे केले. ती खाली तांबुळवाडीला दिलेली होती. दर भाऊबीजेला ती चालत वर येई आणि हणगोजी तिला आणायला उंबऱ्यापर्यंत जाई. धारराव झाल्यावरही जाई, तुरा घरी ठेवून जाई.

मग ते साल आले. दसरा झाला आणि कोकणात परक्या फौजा उतरल्या. गावे जळू लागली. त्या फौजा खिंडीने वर चढतील, या भीतीने बादशहाचा जासूद मांडवखडकला आला. हुकूम असा, की दरवाजा बंद करावा आणि पुढचा हुकूम येईपर्यंत मुंगीलाही आत घेऊ नये. पळून येणाऱ्यांत शत्रूचे हेर असतात, म्हणून बायका-पोरांनाही नाही. हुकूम पाळला तर तुटलेली सहा गावे परत, बाराच्या बारा धाररावांची. मोडला तर किताब आणि सगळी गावे धाकट्या पातीच्या परसोजीला. हा परसोजी म्हणजे हणगोजीचा चुलतभाऊ. तो तेव्हा बादशहाच्या छावणीतच बसलेला होता.

हणगोजीने जासुदाला विचारले, "किती दिवस?"

"आठ. फार तर दहा."

आठ दिवसांत बारा गावे. त्याने सिदू नाइकाला दरवाजा बंद करायला सांगितले. नाइकांचे घराणे पहिल्यापासून दरवाज्याचे राखणदार. पण इतकी वर्षे कवाडे हललीच नव्हती, त्यामुळे ती ओढायला आठ माणसे लागली. त्यांचा आवाज खालच्या वळणापर्यंत गेला असे सांगतात.

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी पहिली माणसे खिंडीशी आली. संध्याकाळपर्यंत दोनशेच्या वर झाली. बहुतेक बायका आणि लेकरे, पुरुष मागे लढायला राहिलेले. आणि त्या बायका म्हणजे कुणी परक्या नव्हत्या. ज्यांना पळायला जागा होती त्या दुसरीकडे पळाल्या. इथे आल्या त्या याच बारा गावांच्या लेकी. घर जळाले तर बाई माहेरी जाते, दुसरे काय करील? त्यांनी दार मिटलेले पाहिले तेव्हा त्यांना वाटले, वारा-पावसाने लागले असेल. त्या हाका मारू लागल्या. कुणी बापाच्या नावाने, कुणी भावाच्या नावाने. आतल्या बाजूला गावकरी जमले होते, त्यांना आवाज ओळखू येत होते.

सिदू नाइकाने किल्ल्या हणगोजीच्या पायाशी आणून ठेवल्या. "धनी, माझी लेक चिमा भाईर हाय. मी तिचा आवाज ऐकला. आता ह्या किल्ल्या तुमच्या हातानं राखा, मला जमायचं नाही."

हणगोजीने किल्ल्या उचलल्या आणि कमरेला लावल्या.

गावातल्या चार जाणत्यांनी सांगून पाहिले. त्यांना तो म्हणाला, "मागून घोडेस्वार आले तर बारा गावं जळतील. दोनशेंसाठी बारा गावं घालवू?" बोलणे खोटे नव्हते. ते घरी गेले, आणि पुढे जन्मभर आपण त्या दिवशी घरी गेलो, हे विसरू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी हणगोजी बुरुजावर चढला आणि त्याने खाली पाहिले, तर सगळ्यांच्या पुढे, दाराला लागून, भिवाई उभी होती. कडेवर कुणाचे तरी मूल होते. तिचे स्वतःचे कोणी तिच्याजवळ दिसत नव्हते.

"दादा," ती म्हणाली, "मी भिवाई."

"ओळखलं गं."

"मग उघड की."

"बादशहाचा हुकूम आहे. चार दिवस कुठं रानात ऱ्हावा. हुकूम फिरला की मी स्वतः येतो तुला आणायला."

"रानात माग काढत येत्यात ते. दोन रात्री आम्ही पळतोय. चार दिवस मागू नको, दादा, आमच्याकडं न्हाईत."

"भिवा, दार उघडलं तर धाररावपद जाईल. वडलांनी बारा गावं करायला सांगितलीत मला."

भिवाईने मूल कडेवर सावरले. मग म्हणाली, "धाररावांना जरा आत पाठव. मला माझ्या दादाशी बोलायचंय."

हणगोजी बुरुजावरून हलला नाही.

तिने कडेवरचे मूल दुसरीकडे दिले. तिच्याजवळ ताट नव्हते, दिवा नव्हता, कुंकू नव्हते. तिने रिकामे हात वर केले आणि खालून, बुरुजाकडे तोंड करून, भावाला ओवाळले. तीन वेळा. मागे त्या सगळ्या बायका उभ्या होत्या. मग ती म्हणाली, "ओवाळलं मी. आता ओवाळणीत मला ही कवाडं घाल."

इथे आबा थांबले. त्यांनी पंच्याने तोंड पुसले. 

हणगोजीने दार उघडले नाही. पण त्याने पाणी आणि भाकरी मात्र दिली. बुरुजावरून दोर सोडून तो घागरी, कळशा, टोपल्या खाली देऊ लागला. गावातल्या बायकांनी रांधले ते सगळे त्याने स्वतःच्या हाताने दोराला बांधून सोडले. दुपार होईपर्यंत त्याचे हात सोलून निघाले होते. भिवाईने खाली उभे राहून सगळ्यांना वाटून दिले, लेकरांना आधी. पाण्याची शेवटची कळशी तिने घेतली तेव्हा तिने वर पाहिले. शिव्याशाप दिले नाहीत. आबा म्हणतात, दिले असते तर बरे झाले असते.

तिसऱ्या प्रहरी खालच्या वळणावर धुरळा दिसला आणि शिंगे ऐकू आली. बायका उठल्या. खिंडीच्या डाव्या हाताला कड्याच्या पोटातून शेळ्यांची एक वाट जाते. तिला आज 'लेकींची पायवाट' म्हणतात, तेव्हा तिला नाव नव्हते. एक पाऊल मावेल एवढी रुंद, खाली सरळ दरी. लहानपणी हणगोजी आणि भिवाई त्या वाटेवर करवंदाला जात असत. तिने त्या सगळ्यांना तिकडे वळवले. ती स्वतः शेवटी राहिली, एकेकीला पुढे घालत. बुरुजावरून हणगोजीला तिची पाठ दिसत होती. मग झाडी आडवी आली.

घोडेस्वार खिंडीपर्यंत आलेच नाहीत. कुणी म्हणतात ते वळणावरूनच परतले, कुणी म्हणतात ते दुसऱ्याच वाटेला लागले. ज्यांच्यासाठी दार मिटले, त्यांनी त्या दाराला हातही लावला नाही.

पहाट होताच हणगोजीने कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि दार उघडवले. कुणाचा हुकूम आला नव्हता, त्याने कुणाला विचारले नाही. बाहेर माणूस नव्हते. उंबऱ्याबाहेर त्याने दिलेल्या घागरी, कळशा, टोपल्या ओळीने ठेवलेल्या होत्या. शिंगे वाजण्याआधीच बायकांनी भांडी राखेने घासून, पुसून, पालथी घालून ठेवली होती. माहेरच्या घरची भांडी खरकटी टाकून जायची नाहीत, असे वळण होते त्यांना.

ती भांडी पाहून हणगोजी खाली बसला तो दुपारपर्यंत उठला नाही, असे सांगतात.

पुढच्या चार दिवसांत कड्याच्या वाटेने सतराजणी आणि काही लेकरे खोऱ्यात पोचली. सिदू नाइकाची चिमा त्यांत होती. काही रानातून दुसऱ्या गावांना लागल्या, त्यांचे निरोप महिन्या-दोन महिन्यांनी आले. कड्याखाली अकराजणी सापडल्या. त्यांना वर आणले तेव्हा हणगोजीने कवाडे उतरवली, त्याच सागाचे सरण रचले आणि त्यांना अग्नी दिला. उरलेल्यांचे काय झाले ते कळले नाही. भिवाई ना सतरांत होती, ना अकरांत. शेवटच्या बाईने सांगितले, "ती माझ्या मागं होती. म्हणाली, तू हो पुढं, मी येते." त्यापलीकडे कुणालाच काही माहीत नव्हते.

महिन्याभराने बादशहाकडून मानाचा पोशाख आला. दार मिटल्याची खबर तिकडे पोचली होती, कवाडे उतरल्याची नव्हती. भरजरी पागोटे, नवा तुरा आणि बारा गावांची सनद. मांडवखडकच्या पारावर सभा भरली. तिथे गाव होते, पण मुजऱ्याला कुणी वाकले नाही. चोपदाराने सनद उलगडून पुकारा केला, "हणगोजी धारराव!"

कुणी उठले नाही. हणगोजी पाराच्या कडेला घोंगडीवर बसलेला होता, चोपदारापासून दहा हातांवर. चोपदाराने पुन्हा पुकारले. तिसऱ्यांदा पुकारले. तेव्हा हणगोजी उठून उभा राहिला. डोक्याला काही नव्हते.

"त्या नावाचा माणूस हितं न्हाई," तो म्हणाला.

सोबत आलेला जासूद गोंधळला. त्याने दिवाळीआधी याच माणसाला हुकूम दिला होता. "आपण कोण मग?"

"मी भिवाईचा भाऊ."

गावातला एक म्हातारा पुढे झाला. त्याला कळवळा आला असावा. तो म्हणाला, "हणगोजी, तू आपल्या जिवासाठी केलं न्हाईस. बारा गावं वाचावी म्हणून केलंस."

"तसं असतं तर मला झोप लागली असती," हणगोजी म्हणाला. "बारा गावं वाचावी म्हणून न्हाई. बारा गावं मिळावी म्हणून केलं. त्या दिवशी मला दोन्ही एकच वाटलं."

सनद परत गेली. मग ती परसोजीला मिळाली, आणि परसोजी बारा गावांचा धारराव झाला. पुढच्या भाऊबीजेला त्याने तुरा लावून बहिणींची वाट पाहिली. तिघी बहिणी होत्या, तिघींनी निरोप पाठवला. "परसूदादाला ओवाळू. धाररावाला ओवाळायची आमची छाती न्हाई." परसोजीने तुरा काही उतरवला नाही. तो छावणीतच राहू लागला आणि तिथेच निपुत्रिक गेला. मग ही गावे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. चार या सरदाराला, पाच त्या सरदाराला, तीन कुणा देवस्थानाला. राज्ये बदलली. दोनदा तो किताब पुन्हा द्यायला माणसे आली, दोन्ही वेळा खोऱ्यात घ्यायला कुणी निघाले नाही. लोकांनी नुसता तो किताबच नाही, त्याच्या शेवटची दोन अक्षरेही तोंडातून काढून टाकली. धाररावांचे वंशज खिंडे झाले. सनदा, शिक्के, बारा गावांच्या शिवा, सगळे गेले. बारा गावे आज एकत्र येतात ती फक्त या उंबऱ्यावर.

हणगोजीने खाचा बुजवल्या. स्वतः चुना मळून, एकेक दगड बसवून. मग तो गावात राहायला गेलाच नाही. खिंडीतच झोपडी बांधली, आणि खालून जी कुणी बाई वर येईल तिचे पाय तो धुऊ लागला. पहिल्यांदा बायका लाजत, मागे सरत. सहा गावांचा धनी पायाला हात लावतो म्हणजे काय! पण तो म्हणे, "पाणी घालू द्या बाई. मला दुसरं काय येत न्हाई आता." त्याची बायको लाडूबाई गावातून रोज घागरी भरून आणी. तिने त्याला दोष दिला नाही आणि दोषातून सोडवलेही नाही. शेजारी बसून राहिली.

पाय धुताना तो प्रत्येकीला एकच विचारी. "वाटेत भिवाई भेटली का?"

प्रत्येक बाई सांगे, "न्हाई, दादा."

तो मान हलवी आणि पुढचीचे पाय धुवायला घेई. एक वर्ष, दहा वर्षे, तीस वर्षे. भिवाईला ओळखणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या, मेल्या. नव्या पोरींना ती कोण हेही धड माहीत नव्हते. तरी तो विचारी आणि त्या खरे तेच सांगत. हणगोजीची नजर गेली. हाताला पाय लागला की तो चाचपून घागर वाकवी.

अशाच एका भाऊबीजेला सिदू नाइकाची नात, म्हणजे पुढे नवऱ्यासह खोऱ्यातच राहिलेल्या त्या चिमाची लेक, वर आली. सासरी पहिलेच वर्ष. आजोबांनी किल्ल्या ठेवल्या होत्या ती गोष्ट आणि आई कड्यावरून कशी आली ती गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली होती. त्या घरात धाररावांबद्दल कुणी बरे बोलत नसे. म्हाताऱ्याने तिचे पाय धुतले. निम्मे पाणी बाहेर सांडत होते. त्याने विचारले, "बाय, वाटेत भिवाई भेटली का गं?"

 म्हणे तिने मागे वळून वाटेकडे एकदा पाहिले. मग ती खाली बसली, म्हाताऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "भेटली की, दादा. मागनं येतेय. पाय दुखत्यात म्हणून सावकाश येतेय. म्हणाली, दादाला सांग, मी येते."

 हणगोजीने लाडूबाईला घागर भरून ठेवायला सांगितले, पंचा मागून घेतला, मांडीवर घडी करून ठेवला आणि वाटेकडे तोंड करून बसला. ऊन उतरेपर्यंत तो तसाच बसलेला होता. लाडूबाईने हाक मारली तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता.

आबांचे सांगून झाले. खाली झाडीत बोलण्याचे आवाज येऊ लागले होते. ते उठले, घागरींवरची झाकणे काढली. आमच्यातल्या एकाने हळूच विचारले, "आबा, तुमच्या घराण्याला त्यानं माफी मिळाली, असं समजायचं का?"

"माफी द्यायची तर भिवाईनं," आबा म्हणाले. "नाइकाच्या पोरीला ते ठावं होतं. तिनं माफी न्हाई दिली. म्हाताऱ्याला बसायला जागा दिली, एवढंच."

आजही भाऊबीजेला या खिंडीत खिंड्यांच्या घरातला पुरुष उघड्या डोक्याने उभा राहतो, लेकींचे पाय धुतो आणि तोच एक प्रश्न विचारतो. आजही उत्तर तेच येते, त्या पोरीने दिले तेच.

पहिली वर आली ती पंचविशीची असेल. खांद्याला पर्स, हातात मिठाईचा डबा, चढाने धाप लागलेली, पण हसत होती. बूट काढून ती झिजलेल्या दगडाबाहेर उभी राहिली. आबांनी वाकून तिच्या पायांवर पाणी घातले, पंच्याने पुसले.

"कुणाची गं तू?"

"सावरीच्या यशवंत जाधवांची. मुंबईहून आले, आबा."

"वाटेत भिवाई भेटली का?"

मुलीने हसणे थांबवले. "भेटली, आबा," ती म्हणाली. "मागून येतेय."

"बरं," आबा म्हणाले, आणि तिला वाट देऊन, आमच्याकडे न बघता, खाली उतरणाऱ्या वाटेकडे बघत राहिले.